सात बेचाळीसला काही विचारायचं नाही

...आणि म्हणे मुलांना वेळापत्रक लावून द्या! अहो, दिलं ना! चांगलं दीड हात लांब, तीन रंगांच्या पेनांनी आखून, फ्रिजशेजारच्या भिंतीवर चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी मारून दिलं! आणि तरीसुद्धा माझी मुलगी रोज सकाळी बूट घालताना पोट धरून बसणार असेल, तर मी करायचं काय, तुम्हीच सांगा.

थांबा, पहिल्यापासून सांगतो. मी लिफ्टचा मेकॅनिक. छत्तीस इमारतींच्या लिफ्ट माझ्याकडे. बायको हॉस्पिटलात नर्स, तिची सकाळची ड्यूटी, सहाला ती घराबाहेर, म्हणजे सकाळ पूर्ण माझ्या गळ्यात. मुलगी एकच, सात वर्षांची, दुसरीत. घरात तिला आम्ही गोटी म्हणतो, कारण हातातून सुटली की कुठल्या कपाटाखाली गेली ते कळत नाही. तर झालं काय, नाताळची सुट्टी संपली, शाळा पुन्हा सुरू झाली, थंडी ओसरली, दिवस मोठे व्हायला लागले, बाहेर झाडांना अशी कोवळी पालवी... आणि आमच्या घरात रडारड. पोरगी उठते नीट, दात घासते, दूध पिते, आणि बूट दिसले रे दिसले की, "बाबा, पोटात दुखतंय." रोज! डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट दाबलं, जीभ बघितली, कानात बॅटरी मारली... पोटाच्या दुखण्याला कानात बॅटरी कशाला, हे मी विचारलं नाही, शहाण्या माणसाने विचारू नये... आणि म्हणाले, "काही नाही." आता 'काही नाही' हे काय दिवसातून तीनदा जेवणानंतर द्यायचं?

तेवढ्यात शाळेत पालकसभा निघाली. गोटीच्या वर्गाच्या बाई आवाज म्हणून चढवत नाहीत, पण बोलायला लागल्या की चाळीस पालक आपोआप हाताची घडी घालून बसतात. तर बाई म्हणाल्या, या दिवसांत मुलं दमतात, वर्ष अर्ध्याच्या पुढे गेलेलं असतं, हवा बदलते. तेव्हा झोपेच्या वेळा पाळा, डबा खातात का बघा, आणि रोज थोडा वेळ त्यांच्याशी शांतपणे बोला. आता हे असं लिफ्टच्या मेकॅनिकला सांगितल्यावर तो काय करणार? तुम्ही लिफ्टमध्ये एक कार्ड लटकलेलं पाहिलं असेल. वाचलं नसेल, कुणीच वाचत नाही, पण आम्ही ते भरतो. दर महिन्याला दोर तपासला, खूण. दरवाजा तपासला, खूण. ग्रीस घातलं, खूण, सही. रविवारी बसलो आणि गोटीचं तस्संच केलं. साडेसहा, उठणे. सहा चाळीस, दात. सात पस्तीस, बूट. सात पंचेचाळीस, घराबाहेर. दुपारी, डबा संपवला का. संध्याकाळी सहा ते सहा दहा, बोलणे. साडेसहा, झोप. बायकोने ड्यूटीवरून आल्या आल्या ते उभ्याने वाचलं आणि म्हणाली, "ग्रीस कधी घालायचं तिला?" मी म्हटलं, हस तू. आता मला काही बोलावंच लागणार नाही. तक्ता आहे ना भिंतीवर!

पहिल्या दिवशी संध्याकाळी साडेसहाला गोटीला बिछान्यात घातली. ती खिडकीकडे बोट दाखवून म्हणते, "बाबा, अजून उजेड आहे." होता हो, लख्ख होता! खाली पोरं चेंडू खेळत होती. आता उजेडाला तक्ता कोण दाखवणार? मग मी कामावरची काळी ताडपत्री आणली आणि खिळे ठोकून खिडकी बंद केली. खोलीत असा अंधार, की मी बाहेर येताना स्वतःच पलंगाला आपटलो. पोरगी झोपली, मान्य! पण सकाळी उठेना. "बाबा, अजून रात्र आहे." बरोबरच होतं तिचं! त्या दिवशी सगळा तक्ता तासभर पुढे सरकला आणि तिकडे बंद लिफ्टपायी बाराव्या मजल्यावर अडकलेल्या एका आजोबांनी माझ्या नावाने बोटं मोडली. स्वेटरचं तर विचारूच नका. सकाळी गारठा म्हणून घालायचा, दुपारी घाम आला म्हणून काढायचा, आणि काढलेला स्वेटर घरी परत आणायचा असतो हे जगातल्या एकाही दुसरीतल्या मुलाला माहीत नाही. दोन हरवले. तक्त्यात 'स्वेटर परत' अशी एक ओळ वाढवली. तिसराही हरवला.

पण सगळ्यात मोठा घोळ कुठे माहितीये? बोलण्यात! सहाला मी खुर्ची ओढून समोर बसायचो. "हां, बोल." "काय?" "काहीही. आज शाळेत काय झालं?" "काही नाही." म्हणजे ही आणि डॉक्टर, दोघांचं एकच निदान. "कुणाशी खेळलीस?" "माहीत नाही." मग आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसायचो, आणि पाचेक मिनिटांनी तीच विचारायची, "झाली का दहा मिनिटं?" मी खूण करायचो. आणि हीच मुलगी, तुम्हाला सांगतो, हीच, सकाळी सात बेचाळीसला, माझ्या एका हातात किल्ली, एका हातात तिचं दप्तर, खांद्यावर माझी हत्यारांची पिशवी, अशा वेळी शांतपणे विचारणार, "बाबा, मुंगी मेली तर ते बाकीच्या मुंग्यांना कोण सांगतं?" अहो, ही वेळ आहे? मी म्हणायचो, संध्याकाळी सहाला विचार, तक्ता आहे ना भिंतीवर! आणि सहाला विचारलं की, "विसरले."

असे सहा आठवडे गेले. पोट दुखतच होतं, पण डब्याच्या रकान्यात बघाल तर रोज बरोबरची खूण. उकडलेलं अंडं, पाव, संत्र्याच्या फोडी, सगळं फस्त! डबा असा चकाचक यायचा की मी बायकोला म्हणायचो, बघ, पोटाचं दुखणं असतं तर डबा संपला असता का? नाटकं आहेत सगळी. हे मी म्हणालो. माझ्या तोंडाने म्हणालो.

मग तो मंगळवार उजाडला. एका इमारतीत लिफ्ट चौथ्या मजल्यावर अडकलेली, आत एक काकू आणि त्यांचा भाजीवाला, फोन सारखा वाजतोय, आणि घड्याळात सात बेचाळीस. मी वाकून तिच्या बुटाची नाडी बांधतोय. ती त्या नाडीकडेच बघत म्हणाली, "बाबा, बाकावर एकटं बसलं की पोटात दुखतं का?"

'सहाला विचार' हे ओठांवर आलं होतं, खोटं कशाला सांगू... पण माझा हात नाडीवरच राहिला. जोडीदाराला फोन लावला, म्हटलं चौथ्या मजल्यावर तू जा, काकूंना सांग दोन मिनिटांत सोडवतो. आणि दारात, चपलांच्या शेजारी, जमिनीवर बसलो. एका पायात बूट, एका पायात मोजा, अशी ती माझ्यासमोर. मग ती बोलायला लागली. तिच्या बाकावरची मैत्रीण सुट्टीत दुसऱ्या गावाला राहायला गेली. म्हणजे पहिल्या दिवसापासून ही एकटी. आणि मधल्या सुट्टीत? नळाजवळ पाच-सहाजणी घोळका करून बसतात. "त्या म्हणतात, डबा दिलास तर बसायला देऊ."

"आणि तू देतेस? रोज?"

"हो. संत्रं असलं की जास्त वेळ बसायला देतात."

मला फार वाईट वाटलं. सरळ सांगतो, रडू आलं. आणि स्वतःचा राग आला तो वेगळाच! कारण मी वीस वर्षं ती कार्डं बघतोय. एखाद्या लिफ्टच्या कार्डावर बाराच्या बारा महिने सगळ्या खुणा एकसारख्या, एकही फुली नाही, असं दिसलं की आम्ही लगेच ओळखतो, की हा पठ्ठ्या वर चढलाच नाही, खाली चहा पीत बसून खुणा केल्यात यानं. नवशिक्यांना मीच शिकवतो हे! आणि माझ्याच घरात, सहा आठवडे, एकही फुली नाही, आणि मी खूश! का, तर तक्ता आहे ना भिंतीवर!

शाळेत पोचलो तेव्हा आठ पंचवीस. फाटकाशी उशिराची वही घेऊन कारकूनबाई बसलेल्या. त्यांनी विचारलं, "कारण?" मी म्हटलं, बोलत होतो. म्हणाल्या, असं कारण नाही आमच्याकडे. वाहतूक, आजारपण किंवा इतर. मी म्हटलं, इतर. मग मधल्या सुट्टीपर्यंत तिथल्याच बाकावर थांबलो आणि बाईंना सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "माझंही चुकलं. ती गप्प बसते म्हणून मी तिला शहाणी म्हणत होते." दुसऱ्या दिवशी बाक बदलला, आणि बाई आपला डबा घेऊन नळाजवळ जाऊन बसायला लागल्या. गोटीच्या शेजारी आता एक मुलगा आहे, तो खडू खातो. त्याच्याबद्दल ती इतकं बोलते की मला त्याच्या आईपेक्षा जास्त माहिती आहे. पोटाचं दुखणं आठवड्यात थांबलं. डबा अर्धा परत येतो, अंड्यावर तिच्या दातांचे व्रण असतात, आणि मी ते उष्टं अंडं उभ्याने खाताना असा हसतो की बायको म्हणते, डॉक्टरांना आता तुम्हाला दाखवू या.

मग काय, सगळं सुरळीत? कसलं सुरळीत! मी हुशारी केली, बोलण्याची वेळ संध्याकाळची काढून सकाळी साडेसातला घातली. साडेसातला ती गप्प. पस्तीसला गप्प. चाळीसला मी म्हणतो, बोल बाई, बोल! "काय बोलू?" आणि बरोब्बर सात बेचाळीसला, किल्ली हातात घेतली की, "बाबा, खडूची चव कशी असते?" आता नाही म्हणायची माझी छाती आहे का? बसतो मुकाट्यानं चपलांशेजारी. या महिन्यात अकरा वेळा उशीर झाला. कारकूनबाई आता विचारतही नाहीत, मला बघितलं की 'इतर' लिहून मोकळ्या होतात.

काल गोटीच्या वहीत बाईंची चिठ्ठी आली. लिहिलंय, 'मुलगी आता वर्गात छान रमते, डबा खाते, मोकळेपणाने बोलते. वडिलांना मात्र वेळेची शिस्त लावणे आवश्यक.' आणि खाली जागा सोडलीय, पालकाची सही. आता माझ्याविरुद्धच्याच तक्रारीवर सही करायला मी दुसरा पालक आणू कुठून? पोरीने वही पुढे केली ती आज सकाळी सात बेचाळीसला, तेव्हा बायको ड्यूटीवर... केली मीच.