ओट्याचा अधिकृत इतिहास

तेजल : ‘वळले’? कुठे वळले, शेखर?

शेखर : कुठलं वाक्य म्हणतेयस?

तेजल : तुझंच. ‘काळाच्या ओघात ‘ओटा’चे लेखक इतर माध्यमांकडे वळले आणि कंपनीने एका मोठ्या समूहात सामील होण्याचा निर्णय घेतला.’ काय गोड लिहिलंयस! वाचून वाटतं, लोक चपला घालून, आपल्याला नमस्कार करून गेले.

शेखर : जातच होते ना? सगळे फेसबुकवर पडलेले. बसून ब्लॉग लिहायला वेळ कोणाला होता?

तेजल : जे गेले त्यांचं मी म्हणत नाहीये. ज्यांना आपण पुसलं, त्यांचं म्हणतेय.

शेखर : हळू बोल. मावशी आत असतील.

तेजल : आई गच्चीवर आहे, कुरडया काढायला गेलीय. तू घाबरू नकोस.

शेखर : घाबरत नाहीये. हे बघ, नाशिकच्या पहिल्या सॉफ्टवेअर कंपन्यांवर पुस्तक निघतंय. रविवारी प्रकाशन. आपल्याला चार पानं दिलीत. चार पानांत माणसानं किती सांगायचं?

तेजल : पिठाच्या गिरणीला अर्धं पान दिलंयस की.

शेखर : ते लोकांना आवडतं. इंदिरानगरात गिरणीच्या वरची खोली, की-बोर्डवर पीठ, दिवसभर लोडशेडिंग, आणि त्यात दोन पोरं मराठीत ब्लॉग लिहायचं सॉफ्टवेअर बनवतायत...

तेजल : दोन पोरं नाही. एक पोरगा आणि एक पोरगी. पुढच्या पानावर बघ, मी ‘त्यांच्या सहकारी’ झालेय.

शेखर : ते संपादकानं केलं. बदलून घेतो.

तेजल : आणि फोनवरून पोस्ट घ्यायची पद्धत ‘शेखर यांच्या कल्पनेतून’ साकारली. हेही संपादकानंच केलं असेल.

शेखर : त्यावर आपण दोघं बोललो होतो, तेजल.

तेजल : मी बोलले होते. तू हसला होतास. ‘ओटा’ नाव ठेवलं तेव्हा लोकांना वाटायचं, आपण स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या बसवून देतो. मी म्हणायचे, अहो, घरापुढचा ओटा, जिथं बसून माणसं बोलतात तो. मग वाटलं, बोलणाऱ्या निम्म्या लोकांना टाइपच करता येत नाही. त्यांनी फोन करावा, आपण टाइप करू. तर तू काय म्हणालास? ही सॉफ्टवेअर कंपनी आहे का पोस्टाबाहेर बसून पत्रं लिहून देणाऱ्याचं टेबल?

शेखर : चूक नव्हतं माझं. सर्व्हर मी सांभाळायचो, गिऱ्हाईकं मी शोधायचो, आणि तू दुपारभर कानाला फोन लावून बसायचीस.

तेजल : बसायचेच. सायखेड्याची धोंडाबाई गोदेचं पाणी कुठवर चढलं ते सांगायची, आणि त्यात सुनेची तक्रार बेमालूम घुसवायची. देवळाली कॅम्पातल्या जवानांच्या बायका नाव बदलून सासरचं सांगायच्या. मी टाइप करायचे, सगळं परत वाचून दाखवायचे, आणि बाई ‘सोड’ म्हणाली की मगच पोस्ट सोडायचे. तिनं ‘सोड’ म्हटल्याशिवाय एक शब्द गेला नाही कधी.

शेखर : हे फार छान आहे. हे घेऊ या ना पुस्तकात! ‘सोड’चं.

तेजल : घे. मग पुढचंही घे. सोडताना विचारायचो, पुसताना विचारलं नाही.

शेखर : आलीस परत तिथंच. अगं, ती चूक होती. घेणाऱ्या कंपनीची अट होती, सह्यांच्या आधी सगळा कचरा साफ करून द्या. टक्कल घालवायची औषधं, लॉटऱ्या, काय काय भरलेलं. मी नियम लावला. एकाच खात्यावरून, एकाच कॉम्प्युटरवरून रोज ढीगभर पोस्टी पडत असतील, तर तो कचरा. सगळं जग हाच नियम लावतं.

तेजल : सगळ्या जगात एक बाई फोन कानाला लावून दुसऱ्यांचं टाइप करत बसत नाही. धोंडाबाईला ई-मेल कुठून असणार? त्या सगळ्यांचं एकाच खात्यावरून जायचं. माझ्या. हे तुला ठाऊक होतं.

शेखर : त्या दिवशी डोक्यात आलं नाही.

तेजल : कधीच आलं नाही. एकदा जरी त्या फोनवर बसला असतास ना, तर आलं असतं.

शेखर : आणि तू कुठे होतीस त्या आठवड्यात?

तेजल : बाळंतीण होते! रुद्रला मांडीवर घेऊन बसले होते. एक फोन करायला तुझी बोटं झिजली असती?

शेखर : मला वाटलं, बॅकअप आहे. काही चुकलंच तर परत आणू.

तेजल : एकुलती एक डिस्क. दर रविवारी जुन्या कॉपीवर नवी कॉपी चढायची. मी दुसरी डिस्क घेऊ म्हणून सांगून कंटाळले. तू म्हणायचास, घेऊ, घेऊ. रविवार आला, साफ केलेली कॉपी तिच्यावर चढली आणि सगळं सपाट झालं.

शेखर : बरं, आता मी बोलू? तुला हे कळलं, तेव्हा सह्या व्हायच्या होत्या. तू तिथं येऊन बसलीस. त्या लोकांनी विचारलं, सगळा मजकूर शाबूत आहे ना? मी हो म्हटलं. तू काय म्हणालीस?

तेजल : काही नाही म्हणाले.

शेखर : काही नाही म्हणालीस. कारण सौदा मोडला असता. आणि या फ्लॅटचं बुकिंग करून ठेवलं होतंस. मी एकट्यानं नाही खाल्लं, तेजल.

तेजल : मी कुठे म्हणते, एकट्यानं खाल्लंस? मी रोज याच फरशीवर चालते. मला कोणी आठवण करून द्यायला नको. म्हणूनच म्हणतेय, लिही. आपण दोघांनी पुसलं, असं लिही. एक ओळ. माझं नाव पुढे घाल हवं तर, इथं तरी ‘सहकारी’ नको.

शेखर : नाही लिहिता येणार.

तेजल : का?

शेखर : नवीन कंपनी काढलीय, तुला माहितीये. पतसंस्था, शाळा, त्यांची सगळी कागदपत्रं आपण सांभाळायची. कायमची. विश्वासाचा धंदा आहे. उद्या कोणी हे पुस्तक उघडून वाचलं, तर?

तेजल : अरे देवा. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!

शेखर : बोल, काय बोलायचं ते बोल. आता दोन डिस्क ठेवतो मी. तीन ठेवतो. तिथूनच शिकलो ना?

तेजल : धोंडाबाईच्या जिवावर शिकलास. तिला निदान फी तरी द्यायचीस.

शेखर : ऐक ना. खरं सांगायचं तर मी मसुदा दाखवायला आलोच नव्हतो.

तेजल : मग?

शेखर : संपादकाला फोनवरची एक पोस्ट हवीय. नमुना म्हणून, चौकटीत टाकायला. तो म्हणतो, तुमच्या कंपनीत वेगळं असं तेवढंच होतं, बाकी सॉफ्टवेअर काय सगळ्यांचंच होतं. तुझ्याकडे एखादी असेल ना? प्रिंट मारलेली, कुठं कॉपी करून ठेवलेली?

तेजल : माझ्याकडे?

शेखर : एखादी तरी.

तेजल : शेखर, घर जाळून कोळशाचा व्यापार करतात म्हणतात, तो तू करतोयस. आणि वर मलाच विचारतोस, कोळसे आहेत का?

शेखर : नसेल तर तू एक लिही. तुला त्यांची बोली येते. धोंडाबाईसारखं, नदीचं, पाण्याचं. दहा-बारा ओळी. कोणाला कळणार आहे?

तेजल : हे तू आत्ता, माझ्या घरात बसून, माझ्या तोंडावर म्हणालास?

शेखर : अगं, त्यांचा सन्मानच होईल ना त्यात—

(सुलाबाई कुरडयांचं ताट घेऊन आत येतात.)

सुलाबाई : कोन आलंय गं? आवाज पार जिन्यात येतोय. अरे, शेखर का? केस कुठं गेले तुझे?

शेखर : नमस्कार मावशी. कंपनीनं ठेवून घेतले.

सुलाबाई : देवळालीला आमच्या दुकानात यायचा, तवा लय दाट होते. तेजलच्या पप्पांकडनं भाड्यानं सायकल न्यायचा आन् पंक्चर करून आनायचा.

शेखर : आणि काका एकदाही रागावले नाहीत.

सुलाबाई : तू गेल्यावर रागवायचे. बस. कुरडई तळते.

तेजल : आई, तो निघालाच आहे.

शेखर : निघतो, निघतो. मावशी, ‘ओटा’वर पुस्तक येतंय, त्याच्यासाठी आलो होतो. फोनवरच्या पोस्टींचंही येणार आहे त्यात.

सुलाबाई : पुस्तकात? मग माझं घेनार का?

तेजल : शेखर, ऊठ.

सुलाबाई : अगं, उठवती का त्याला? माझंबी होतं की तिथं. दुकानातनं फोन लावायचे मी हिला. घरात बोलायचे नाय एवढं फोनवर बोलायचे मी. मस्कतवरनं एक जन मला ‘माई’ म्हनून लिवायचा.

शेखर : आठवतं ना मावशी. पण ते आता—

सुलाबाई : घेनार आसंल तर तेजलच्या पप्पांचं घे. ते गेले तवाचं. पुन्यानुमोदनाला मान्सं येऊन गेली, दुसऱ्या दिवशी घर रिकामं झालं, आन् मी हिला फोन लावला. लय येळ सांगत होते. तेच छापा. बाकीचं काय, आसंच होतं.

शेखर : ते... ते कुठं आहे मावशी?

सुलाबाई : तेजलकडं. तुमची कंपनी बंद झाली, तवा मी विचारलं होतं हिला, माझं काय झालं गं? म्हनली, आई, हाय सगळं नीट ठिवलेलं. काढून दे गं त्याला.

शेखर : तेजल, तू यांना...

सुलाबाई : काय झालं? सापडत नाय का?

तेजल : आई, बस इथं.

सुलाबाई : बसते. ताट तर ठिवू दे.

तेजल : ते नाहीये.

सुलाबाई : नाहीये म्हंजे?

तेजल : पुसलं गेलं. रुद्र झाला तेव्हाच. तुझं, धोंडाबाईचं, सगळ्यांचंच. मी तुला खोटं सांगितलं.

सुलाबाई : कोनी पुसलं?

शेखर : मावशी, काय झालं, कॉम्प्युटरला एक नियम दिलेला असतो—

तेजल : आम्ही. मी आणि यानं.

शेखर : मुद्दाम नाही मावशी. शपथ घेऊन सांगतो.

सुलाबाई : मुद्दाम कशाला करशीला? आमचं काय वैर होतं?

शेखर : एक करू या का? तुम्ही आत्ता परत सांगा. मी मोबाइलवर रेकॉर्ड करतो, जसंच्या तसं छापतो. तुमच्या नावानं, फोटोसकट. काकांचाही फोटो टाकू, दुकानातला.

तेजल : ठेव तो मोबाइल खिशात.

शेखर : अगं, मी त्यांच्यासाठीच—

सुलाबाई : काय सांगू मी आता?

शेखर : तेच, तेव्हा सांगितलेलं. आठवेल तेवढं.

सुलाबाई : तुला सांगू का शेखर, ते गेले ना, तवा मी पडल्या पडल्या घोकत राह्यचे. ते हे बोलले होते, विसरायचं नाय. आसं बसले होते, विसरायचं नाय. डोळा लागंना. वाटायचं, झोपले तर सकाळपर्यंत यातलं काय तरी सांडंल. मग ते सगळं हिला सांगून टाकलं. हिनं वाचून दाखवलं, बरोबर होतं. त्या दिवशी झोपले मी. म्हटलं, आता तिथं लिवलेलं हाय, आपन विसरलो तरी चालंल. आन् मग विसरले. बिनघोर विसरले.

तेजल : आई...

सुलाबाई : तू लिवलंस ना हातानं? तुला तरी काय आठवत आसंल.

तेजल : नाही गं. तू पप्पांचं बोलत होतीस आणि मी इकडे रडत होते. नुसती बोटं चालत होती.

सुलाबाई : परत वाचून दाखवलं की तू.

तेजल : वाचलं. पण काही राहिलं नाही आई. मलाही वाटलं, आहे की तिथं.

शेखर : मावशी, मी काय बोलू...

सुलाबाई : थांब रे, बोलू नको. मला एवढं ध्यानात हाय, सांगता सांगता मी हसले होते. मानूस जाऊन पंधरवडा झाला नव्हता आन् मी फोनवर मोठ्यांदा हसले. त्यांचंच काय तरी होतं. कशाला हसले, ते त्यात होतं.