रबरी बुटांच्या सल्ल्याचा उगम

प्रवासाचे सल्ले मी हल्ली का देत नाही, ते ऐका. कोरोनामुळे दोन वर्षं रखडलेली, माझा मित्र श्रीरंग आणि त्याची बायको वैशाली यांची झांझिबारची सहल अखेर ठरली. लग्नाची पंचविशी तिथल्या किनाऱ्यावर साजरी व्हायची होती. निघण्याच्या आदल्या दिवशी वैशालीचा परदेशातल्या त्यांच्या घरून, क्वेकर्स हिलहून, व्हिडिओ कॉल आला.

"भाऊजी, शेवटचं विमान छोटं आहे. बॅगेत एक तर माझी पैठणी मावेल, नाहीतर आमचे रबरी बूट. तिथे ओहोटीला खडकांत काटेरी प्राणी असतात म्हणे. बूट न्यावेच लागतील का?"

माझ्यासारखा लोकपरंपरेचा अभ्यासक प्रथम उगम शोधतो. मी विचारलं, "हे तुला कुणी सांगितलं?"

"इथे जवळच वॉलॉंगॉंगला राहणाऱ्या आमच्या मैत्रिणीने, मीनाने."

मीनाला कॉलवर घेतलं. ती म्हणाली, "मला तर श्रीरंगनेच सांगितलं."

श्रीरंग मागून ओरडला, "अरे, लॉकडाउनमध्ये झूमवर तूच नाही का सांगितलंस?"

वैशालीने विचारलं, "तुम्ही कधी गेला होतात तिथे?"

"गेलो नाही. एका परिषदेत चहाच्या वेळी ऐकलं होतं," मी कबूल केलं. "म्हणजे हे तीन सल्ले नव्हेत, एकाच ऐकीव गोष्टीची ही तीन रूपं आहेत. तू पैठणी खुशाल ने."

"असं कसं, भाऊजी?" पैठणी बाहेर काढत ती म्हणाली. "तीन-तीन जण सांगतायत, म्हणजे काहीतरी तथ्य असणारच."

"आणि त्यातला एक तर विद्वान आहे!" श्रीरंगने बूट आत कोंबले.