कुळगावची रेघ

बदलापूरला शेअर रिक्षाच्या रांगेत हरिचंद्र उभा होता. पुढे कॉलेजातली वाटावीत अशी दोघं. पोरीचा सगळा जीव फोनमध्ये अडकलेला.

"सुजित, पुराचा नकाशा झाला का रे?"

"अजून वेटिंग. क्लाउडवरची मशीन जगभरच्या संशोधकांची मिळून एक आहे, नेत्रा. नंबर लागेल तेव्हा लागेल."

"अरे, कुळगावची बालवाडी खाली ठेवायची की वरच्या मजल्यावर, ते उद्या ठरणार आहे!"

"पण आपलं मॉडेल पाणी वीतभर जास्त चढवत होतं ना?"

"म्हणून तर मी ते खाली आणलं. गिरणीवाल्या घराच्या भिंतीवर पुराची रेघ आहे, तारखेसकट. तीच खरी धरली."

"एकाच रेघेवर? आणि सुधारलेले आकडे नेटवर सगळ्यांसाठी खुले पण टाकलेस."

"तीन देशांतल्या लोकांनी उचललेत. आता घाबरवू नकोस."

हरिचंद्र पुढे सरकला. "पोरी, ते गिरणीवालं घर माझं."

"काय सांगता काका! रेघ पुरातलीच आहे ना?"

"मुलीला बघायला पाहुणे येणार होते. भिंत रंगवली, त्यात जुनी रेघ गेली. मग आठवणीला मीच नवी मारली."

"त्याच जागी ना?"

"वीतभर खाली. एवढं उंच पाणी बघून पाहुणे बिचकले असते."

"चला, कुळगाव दोन सीट!" रिक्षावाला ओरडला. हरिचंद्रने मागच्यांना पुढे सोडलं.

सुजितचा फोन वाजला. "नेत्रा, नंबर लागला. नकाशाचं काम चालू झालं."

"थांबव रे!"

"आपला थांबवतो. त्या तीन देशांतल्यांचा कोण थांबवणार?"