मैद्याचा डोंगर

बायको : अहो, पंखा नका लावू!

नवरा : अगं, घामानं निथळतोय मी.

बायको : गेला! अख्खा डोंगर उडाला! आता पुन्हा चाळा मैदा.

नवरा : आ... आक्...

बायको : तिकडे तोंड करून शिंका!

नवरा : बर्फ बघायला निघालो म्हणून ताईला सांगायची काय घाई होती तुला?

बायको : तिकिटं काढली होती म्हणून सांगितलं. तुमचा गुडघा ऐन वेळी रुसला, त्याला मी काय करू? आणि तुमच्या ताई काय म्हणाल्या? "तुम्ही दोघं कसले जाताय!" आज फोटो गेला नाही ना, तर जन्मभर ऐकवतील. त्यातून राहतात पुढच्याच गल्लीत. परवापासून पडदे ओढून, खोकला दाबून बसलेय मी. स्वतःच्या घरात चोर झालेय!

नवरा : बरं बाई. वाट्या उपड्या घातल्या, वर टॉवेल, वर मैदा. झाडं?

बायको : लवंगा खोचल्यात ना. तळं म्हणजे माझ्या पावडरच्या डबीतला आरसा. सरका मागे, तळ्यात तुमचं नाक दिसतंय.

नवरा : हं... काढला. अगं, झकास आलाय की!

बायको : आलाय खरा. पण मला खराखुरा बघायचा होता हो बर्फ. हातात घेऊन. फार मनात होतं माझ्या.

नवरा : जाऊ गं. गुडघा बरा झाला की जाऊच.

बायको : पाठवा आता तो.

नवरा : पाठवला... बाप रे! लगेच फोन आला ताईचा!

बायको : स्पीकरवर टाका. आणि जरा कुडकुडत बोला.

नवरा : ह-ह-हॅलो, ताई!

ताई (फोनवर) : मैदा आहे ना रे?

नवरा : क-क-काय?

ताई : नुसत्या मैद्याला चमक येत नाही. वरून जाडं मीठ भुरभुरायचं. आणि दिवा बंद करून खिडकीचा उजेड घ्यायचा, नाहीतर वाटीची कड दिसते.

बायको : वन्सं, तुम्हाला हो कसं माहीत एवढं?

ताई : ...असंच.

बायको : असंच कसं? थांबा. गेल्या वर्षी तुम्ही समुद्राचा फोटो पाठवला होतात...

ताई : निळी चादर. फेस साबणाचा. वाळू म्हणजे साखर, तिला मुंग्या लागल्या म्हणून घाईत काढला.

नवरा : ताई! तो आम्ही फ्रेम करून भिंतीवर लावलाय!

ताई : काय करू रे? बॅगा भरून झाल्या, आणि हे म्हणाले, दुकान कोण बघणार? घरभर सगळ्यांना सांगून बसले होते मी. तुम्हाला टोमणा मारला तो त्याच जळफळाटानं. रागावू नका.

बायको : रागवायचं काय त्यात? आमचंही तेच झालं.

ताई : तसंच नाही गं. फोटोत मैद्यावर दोघांच्या बोटांचे ठसे दिसताहेत. माझा समुद्र मी एकटीनं मांडला होता.

बायको : वन्सं, चपला घाला आणि या बघू. तुम्ही येईपर्यंत आम्ही काही आवरत नाही.