रशीदच्या आजोबाचा चिनी दगड

रशीदची खोडी काढल्याबिगर मले चहा गोड लागत नसे, हे तुम्हाले ठाऊकच. त्याच्या आजोबाचं अक्षर साऱ्या रोहिणखेडात नावाजलेलं. त्यांचा शाईचा खोलगट काळा दगड चिनी आहे, असं रशीद सांगे. मी गुपचूप त्यावर खिळ्यानं वाकडीतिकडी अक्षरं कोरली.

"पाह्य बे, चिन्याची सही!"

रशीद हरखला अन् मले घेऊन थेट संग्रहालयात गेला. तिथल्या मॅडमनं भिंग लावलं.

"खरंच चिनी आहे, शाई घोटायचा. फार जुना. आजोबांच्या नावानं मांडला असता. पण हे ताजं कोरलं कोणी? आता नाही मांडता येणार."

रशीदनं माह्याकडे पाह्यलं, अन् तोच म्हणाला,

"मीच कोरलं, मॅडम."

बसमध्ये तो एक शब्द बोलला नाही. एक शिवी तरी द्यायची ना बे!