मी पुकारलेला संप

भिलाईचा कारखाना उभा राहत होता, तेव्हा मी एकदा संप पुकारला होता. हसून घ्या आधी.

धावपट्टीपाशी एका खासगी विमान कंपनीची मेस होती, तिथे मी स्वयंपाकाला होते. कंपनीने तीन पायलटांना बिनपगारी बसवलं आणि त्यांच्या फेऱ्या बाकीच्यांवर लादल्या. पायलटांच्या युनियनची सभा मेसमध्येच भरली. सगळे पायलट खाली मान घालून इंग्रजीत कुजबुजत होते. मला राहवलं नाही. मी उठून गरजले, "हे तिघं कामावर येतपर्यंत माही चूल पेटणार नाही!" टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दुपारी मॅनेजर घरचा डबा खाऊन ढेकर देत होता. धरणं धरून बसलेले ते तिघे पायलट मात्र मेसच्या बंद दारापाशी उपाशी उभे. त्यांतला थोरला नागपूरकडचा. तो हळूच म्हणाला, "बाई, कंपनीनं पगार बंद केला, जेवण नाही. ते तुम्हीच बंद करून राहिल्या."

मी आत जाऊन चूल पेटवली.

पुढे बाकीच्या पायलटांनी विमानं उडवायला नकार दिला, तेव्हा कुठे तिघांना परत घेतलं. त्यानंतरच्या सभेत युनियनने ठराव केला, की यापुढे बाईंनी आधी परवानगी घेतल्याशिवाय त्यांना सभेत बोलू देऊ नये. ठराव एकमताने मंजूर झाला. माझाही हात वर होता.