माहेरून आणलेली पाटी

ही गोष्ट छप्पन्न सालची. दिघीच्या धक्क्यावर आगरदांड्याची होडी यायला अजून थोडा वेळ होता. माझ्यापुढे एक सासू आणि सून उभ्या होत्या. सुनेच्या खांद्यावर दोन महिन्यांचं मूल झोपलं होतं आणि तिच्या पायाशी बांबूची उथळ पाटी होती.

“रतन, माहेराहून पोराला वाळं आणायचं सोडून मासळीची पाटी आणलीस?”

“मासळी न्हाय लागली तिला, आत्या. नवी हाय. रातचा बाळ यात निजतो, माझ्या बाजूला.”

“माझा नातू काय बोंबील हाय? आईच्या कुशीत निजंल तो.”

“कुशीत न्हाय घेणार मी.”

“का गं?”

“पाजता पाजता माझा डोळा लागला. आईनं हाक मारली तवा माझा हात याच्या नाकातोंडावर व्हता. तवापासून कुशीत घेतला की रातभर जागीच असते मी.”

सासूने पाटी उचलून आत हात घातला.

“मग ही उशी कशाला यात?”

“मऊ लागावं म्हणून.”

“काढ ती. तोंड रुततं पोराचं. गोधडीची एकच घडी ताणून घाल आणि उताणा निजव.”

“तुमाला कुणी सांगितलं?”

“गोदूच्या वेळंला कुणीच न्हाय सांगितलं.”

“गोदू कोण?”

“माझी पहिली. चाळीस दिसांची व्हती. होडी आली बघ. तू पोराला सांभाळ, पाटी मी डोईवर घेते.”

“लोक मासळीचा भाव विचारतील, आत्या.”

“विचारू देत. इकायची न्हाय म्हणंन.”